जुनी पिकअप घेतलीत? माल भरण्याआधी ऑईलचं बघा

जुनी पिकअप दारात आली की नारळ फुटतो, लिंबू-मिरची बांधली जाते आणि दुसऱ्याच दिवशी गाडीत माल भरला जातो. इंजिनात कोणतं ऑईल आहे, ते कधी बदललं, हे मात्र आधीच्या मालकाच्या शब्दावर सोडून दिलं जातं. तो खोटं बोलतो असं नाही, पण त्यालाही ते नीट आठवत नसतं. म्हणून गाडी घेतल्या आठवड्यातच ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदलायचे, असं धरूनच चाला.

आधी आरसी बघा

गाडी बीएस-३, बीएस-४ की बीएस-६ (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम, आकडा मोठा तितका नियम कडक), यावर पुढचं सगळं ठरतं. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाईनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी चालता चालता जळून जाते. ऑईलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही, ती तिथेच साचत जाते. त्यामुळे या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं.

आपल्याकडे चूक होते ती इथेच. ट्रॅक्टरसाठी आणलेली ऑईलची बादली घरात असते, पिकअपचं ऑईल कमी झालं की त्यातलंच दोन लिटर ओततात. जुन्या बीएस-३ गाडीने ते एक वेळ निभावून नेलं असतं. बीएस-६ गाडीत हेच वारंवार केलं तर डीपीएफ वेळेआधी भरतो, गाडी ओढत नाही, आणि तो बदलण्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

मग गाडीचं पुस्तक शोधा

पुस्तक हरवलं असेल तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. तुम्हाला दोन गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत: ऑईलचा जाडपणा आणि त्याचा दर्जा. नेमके किती लिटर लागतं तेही विचारा.

जाडपणा १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असा लिहिलेला असतो. पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, तो जितका लहान तितकं चांगलं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या जाडपणाचा. १५डब्ल्यू ऑईल शून्याखाली बऱ्याच थंडीतही चालतं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या हिवाळ्याची काळजी नको. जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यात भरल्या गाडीने घाट चढताना खरा कस लागतो तो दुसऱ्या आकड्याचा. पण म्हणून पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना आपल्या मनाने १५डब्ल्यू-४० टाकू नका. ते इंजिन पातळ ऑईल धरूनच बनवलेलं असतं.

दर्जा डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या अक्षरांत असतो. डिझेलसाठी सी-पासून सुरू होणारी अक्षरं, पेट्रोलसाठी एस-पासून. सीएफ-४ जुना, सीआय-४ प्लस त्याच्या पुढचा आणि सीके-४ नवा. सीके-४ मध्ये राखेवर मर्यादा आहे. पुस्तकात आहे त्याच्या वरचा दर्जा सहसा चालतो, खालचा कधीच नाही. छोटा हत्ती पेट्रोल किंवा सीएनजीचा असेल तर डिझेलची अक्षरं बघून ऑईल घेऊ नका.

जुनं ऑईल काय सांगतं ते ऐका

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि गेजची पट्टी काढा. ऑईल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑईलही लवकरच काळं पडतं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी किंवा कूलंट मिसळतंय, बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय. डिझेलचा वास आणि वाढलेली पातळी म्हणजे ऑईलमध्ये डिझेल उतरतंय. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर गाडी ऑईल खातेय. या तिन्हींत आधी दुरुस्ती, मग नवं ऑईल.

धूर कमी व्हावा म्हणून जाड ऑईल टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मला तो अजिबात पटत नाही. धूर काही दिवस लपतो, पण थंड इंजिन चालू करताना जाड ऑईल टर्बोपर्यंत (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत) उशिरा पोचतं आणि पिस्टनच्या रिंगांचं काम टळत नाही ते नाहीच. गाडी विकणाऱ्याने हेच करून ठेवलेलं असू शकतं, म्हणून घेण्याआधी सकाळी थंड इंजिन चालू करून धूर बघावा.

खरेदी आणि भरणी

ऑईल कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पेट्रोल पंपावरून घ्या, बिल घ्या, झाकणाचं सील आणि बॅच नंबर बघा. रिकामा डबा भोक पाडूनच टाका. नकली ऑईल भरायला असेच डबे वापरले जातात.

इंजिन कोमट असताना चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भागाचा) नट काढला की ऑईल पूर्ण निथळतं. आतून धुवायला डिझेल ओतू देऊ नका, ते थोडं आत राहतंच आणि नवं ऑईल पातळ करतं. नटाचा वॉशर नवा टाका. ऑईल भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, थोडं थांबा आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आणा. वरच्या खुणेपलीकडे नको.

काढलेलं ऑईल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्या, तिथून ते पुनर्वापरासाठी जाऊ शकतं.

जुन्या इंजिनात नवं ऑईल आतली घाण सोडवतं, म्हणून ही पहिली भरणी तीन ते पाच हजार किलोमीटरलाच बदला. त्यानंतर पुस्तकातलं अंतर पाळा. तोवर दर रविवारी पट्टी बघून पातळी आणि किलोमीटर वहीत लिहा. त्या आकड्यांवरून गाडी ऑईल खाते की नाही हे महिनाभरात कळेल.