सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी शब्दसंचयाचा डेटाबेस कसा उभारावा

या कामाची सुरुवात बोलल्या जाणाऱ्या भाषेतील शब्दांची यादी घेऊन, प्रत्येक शब्दासमोर एकेक खूण लिहून करू नये. त्यातून भाषांतराचा तक्ता तयार होतो आणि ज्या खुणांना एका शब्दात प्रतिशब्द नाही, त्या बाहेरच राहतात. नोंद खुणेची असावी आणि ती तिच्या घडणीवरून, म्हणजे हाताचा आकार, स्थान, हालचाल अशा घटकांवरून ओळखली जावी. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी 1960 साली अमेरिकन सांकेतिक भाषेच्या खुणांचे घटक वेगळे करून दाखवले आणि 1965 साली सहकाऱ्यांसह काढलेल्या कोशात नोंदींचा क्रमही घडणीनुसारच लावला.

प्रत्येक खुणेला एक कायमचे ओळखनाम द्यावे. ते अर्थ नव्हे, केवळ लेबल आहे. अर्थ वेगळ्या रकान्यात, लागतील तितके लिहावेत. एकच खूण थोड्या फरकाने केली जात असेल आणि अर्थ तोच राहत असेल, तर ती त्याच नोंदीखाली पर्यायी रूप म्हणून ठेवावी. घडण पूर्णपणे निराळी असेल, तर अर्थ समान असूनही स्वतंत्र नोंद करावी. हा निर्णय सर्वांत अवघड असतो, म्हणून त्याचे नियम आधीच लिहून काढावेत आणि ते ठरवताना ज्यांची ती भाषा आहे त्या कर्णबधिर व्यक्तींचा शब्द अंतिम मानावा.

हाताचा आकार, स्थान, हालचाल, तळव्याची दिशा, दुसऱ्या हाताची भूमिका आणि चेहऱ्याचे हावभाव यांसाठी स्वतंत्र रकाने हवेत. अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘सफरचंद’ आणि ‘कांदा’ या खुणांचा आकार व हालचाल एकच असते, मात्र पहिली गालाशी होते आणि दुसरी डोळ्याजवळ. अशा जोड्या एका शोधात सापडल्या, तर रकान्यांची रचना जमली असे समजावे. रकान्यांत मोकळे वर्णन न लिहिता ठरावीक यादीतूनच मूल्य निवडावे आणि काही नोंदी दोघांकडून एकमेकांचे न पाहता भरून घेऊन जुळणी तपासावी.

चित्रीकरण साध्या पार्श्वभूमीवर, सेकंदाला 50 किंवा 60 फ्रेम वेगाने करावे, म्हणजे वेगवान हालचाल पुसट होत नाही. खुणेचा आरंभ व शेवट ईलानसारख्या, चित्रफितीवर वेळेनुसार टिपणे करण्याच्या संगणक प्रणालीत नोंदवता येतो.

मोठा संवादसंग्रह उपलब्ध नसल्यास, खूण किती वेळा वापरली जाते याचा अंदाज ती भाषा जाणणाऱ्यांकडून 1 ते 7 या श्रेणीवर घ्यावा. खूण अर्थाशी किती मिळतीजुळती दिसते, याचे गुण मात्र भाषा जाणणारे आणि न जाणणारे वेगवेगळे देऊ शकतात, म्हणून त्यांची सरासरी एकत्र करू नये.

चित्रफितीत चेहरा दिसणे अपरिहार्य असल्यामुळे संमती त्या व्यक्तीच्या सांकेतिक भाषेतच समजावून घ्यावी. पुढे कोणी ती मागे घेतल्यास फीत काढून टाकून तीच खूण दुसऱ्या व्यक्तीकडून चित्रित करता यावी, यासाठी फीत आणि नोंद पहिल्यापासूनच वेगळ्या तक्त्यांत ठेवाव्यात.