एका दिवसाची गटभटकंती: घाटात आणि किनाऱ्यावर

दिवसभराची चाल नेहमी शेवटाकडून आखावी. सकाळी कधी जमायचं हे आधी ठरवून बाकीचं ‘बघू’ म्हटलं, की दुपारी तीननंतर सगळं कोलमडतं. गटाचा वेग म्हणजे सर्वांत मागे चालणाऱ्याचा वेग, आणि तो दुपारनंतर आणखी उतरतो.

हिवाळ्यातली लोणावळा–राजमाची–कर्जत ही वाट घ्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, रानात त्याआधीच अंधारतं, म्हणून ५ वाजता कर्जतकडच्या पायथ्याच्या कोंदिवडे गावात असायला हवं. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीतून कोंढाणे लेणी बघत उतरायला २० जणांना साडेतीन तास धरा. म्हणजे दीडला गाव सोडायचं. जेवणाला पाऊण तास, राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला बघून यायला दोन तास. याचा अर्थ पावणेअकराला उधेवाडीत हजर. लोणावळ्याहून तिथवर साधारण १५ किलोमीटर, विश्रांती धरून साडेचार तास. निघायची वेळ आली सव्वासहा. पहिला पाऊण तास बॅटरीच्या उजेडात जाईल, पण वाट रुंद गाडीरस्त्याची आहे, अडचण येत नाही. दुसरा बालेकिल्ला मनरंजन या हिशेबात बसत नाही. दोन्ही बालेकिल्ले बघायचेच असतील तर उधेवाडीत मुक्काम करा. एका दिवसात सगळं उरकायच्या हट्टापायीच उतरताना अंधार गाठतो.

दुसऱ्या कुठल्याही वाटेसाठी सपाटीला ताशी ४ किलोमीटर धरा, दर ३०० मीटर चढाला एक तास वाढवा आणि तासाला १० मिनिटं विश्रांती मिळवा. उतरायला कमी वेळ लागेल असं समजू नका. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, नवखी माणसं बसत-बसत उतरतात आणि चढाइतकाच वेळ खातात.

गट २० च्या वर नको. पुढे वाट माहीत असलेला एक, मागे अनुभवी एक, मध्ये एक. पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही, शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. पण माणसं हरवतात ती फाट्यावर, म्हणून खरा नियम हा: प्रत्येकाने फाट्यावर थांबायचं, मागचा माणूस दिसला आणि त्याने आपल्याला पाहिलं की मगच वळायचं. लघवीला किंवा फोटोला बाजूला होणाऱ्याने सॅक वाटेवर ठेवून जावं. मोजणी फाट्यावर, पाण्याच्या टाक्यापाशी आणि प्रत्येक विश्रांतीनंतर करायची.

विश्रांतीत एक चूक फार होते. पुढचे येऊन दहा मिनिटं बसतात, शेवटचा धापा टाकत पोहोचतो आणि तेवढ्यात सगळे उठतात. ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच बसायला मिळत नाही; मग तो आणखी मागे पडतो, त्याच्या पायात गोळे येतात. शेवटचा माणूस टेकल्यापासून पाच मिनिटं मोजा.

वाट चुकवतात त्या ढोरवाटा. त्या कारवीच्या झुडपांत शिरून हळूहळू विरत जातात आणि समांतर फुटतात. माणसांच्या जुन्या वाटेवरचे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले असतात, खड्या चढावर कुठेतरी खोदलेली पावठी, म्हणजे पाय ठेवायची खोबण, सापडते. दहा मिनिटांत अशी खूण दिसली नाही, तर ‘पुढे मिळेल’ म्हणू नका. शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. वाट अनोळखी असेल तर पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा.

पाणी थंडीत माणशी किमान २ लिटर, ऑक्टोबरात आणि मार्चनंतर ३ लिटर. टाक्यांत पाणी असेलच हे उन्हाळ्यात धरून चालू नका. एक लिटरमध्ये ओआरएसचं एक मोठं पाकीट मिसळावं. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतू नये. कड्याला आग्या मोहोळ असेल तिथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करा.

किनाऱ्यावर घड्याळाआधी तिथी बघायची. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. पंचमीला पाच पाऊण म्हणजे पावणेचार; तिथून सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. किनाऱ्यावरच्या चालीला पंचमी-षष्ठी आम्हाला सर्वांत सोयीची वाटते: साडेसातला निघावं, घट्ट ओल्या वाळूवरून चालावं, ऊन चढायच्या आत बारापर्यंत थांबावं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती ऐन दुपारी येते आणि चाल मऊ, कोरड्या वाळूत ढकलली जाते; तिथे पोटऱ्या दुखतात, वेळ जवळपास दुप्पट लागतो. नक्की वेळ मात्र त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या आणि गावातल्या कोळ्यांना विचारून पक्की करा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि ती झाल्यावर तासाभरात परत या. पाणी पहिल्या तासात हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने, आणि किल्ल्यात रेंगाळलेले लोक तिथेच फसतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, पाणी कमी ओसरतं. तेव्हा पायी जाण्याचा बेत किनाऱ्यावर विचारल्याशिवाय करू नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला भरतीत उतरूच नये, लाटा थेट कातळावरच्या वाटेवर येतात. पावसाळ्यात दोन्ही ठिकाणं यादीतून काढून टाका.

खाडीचं मुख कधीही चालत ओलांडायचं नाही, पाणी गुडघाभर दिसलं तरी. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्याच चिंचोळ्या मुखातून ओढत समुद्रात जातं आणि पायाखालची वाळू सरकते. अलिबाग आणि आक्षीच्या मध्ये अशीच खाडी आहे. तिथे किनारा सोडून पुलावरून जा आणि पलीकडे आक्षी–नागावच्या वाळूवर पुन्हा उतरा.