घरातल्या घरात गाडी दिलीत? मग या चुका टाळा

भाऊबीजेला ताईने ओवाळलं आणि मी ताटात पाकिटाऐवजी गाडीची किल्ली ठेवली. २०१६ सालची पेट्रोल गाडी, एमएच-१५ म्हणजे नाशिकची, पहिल्यापासून माझ्याच हातातली. दसऱ्याला नवीन गाडी आली होती, इंदिरानगरला आमच्या सोसायटीत पार्किंग एकच, आणि भाची नुकतीच पुण्यात नोकरीला लागलेली. दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन गेलीसुद्धा. कागदांचं काय, असं मेहुण्यांनी विचारलं तेव्हा मीच म्हणालो, "घरातलंच तर आहे, करू सावकाश."

परक्याला गाडी विकताना आपण किती जागरूक असतो! आधारची झेरॉक्स घेतो, डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ टाकतो, आणि घेणाराही "नावावर कधी होणार" म्हणून रोज फोन करतो. घरात मात्र कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं दोन्ही बाजूंना वाटतं. म्हणून कुणीच मागत नाही. पुढच्या बहुतेक चुका या संकोचातून झालेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः केल्या आहेत.

नाव कुणाचं, हे किल्ली देण्याआधी ठरवा

आमच्याकडे दोन महिने यावरच गेले. "अरे, ओवाळणी माझी, मग गाडी माझ्या नावावर कर ना," असं ताईचं म्हणणं. चालवणार भाची. ताईकडे लायसन्स नाही. लायसन्स नसलेल्या माणसाच्या नावावर गाडी होते, त्याला काही अडचण नाही. पण विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते नोंदणीकृत मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच मिळतं. गाडी ताईच्या नावावर असती, तर चालवणाऱ्या भाचीला त्याचा उपयोग शून्य. म्हणून जी व्यक्ती रोज चालवणार, तिच्याच नावावर करावी, असं माझं मत झालं आहे. ताईला पैठणी घेऊन दिली.

गाडी मिळणारा अठराच्या आतला असेल, तर विषयच संपला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, असा कायदा आहे. बारावी पास झाल्याचं बक्षीस थोडं थांबू शकतं.

अर्ज अडकतो तो जुन्या, विसरलेल्या गोष्टींनी

नाव बदलण्याचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो. भाचीने पुण्यात बसून भरायला घेतला आणि पहिल्याच पायरीवर फोन आला, "मामा, ओटीपी सांग." माझ्या मोबाईलवर काहीच आलं नव्हतं. गाडी घेताना शोरूमवाल्याने नोंदणीत स्वतःच्याच कुणाचा तरी नंबर टाकला होता. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या गाड्यांमध्ये हे सर्रास आढळतं. तेव्हा अर्जाला हात घालण्याआधी नोंदणीतला मोबाईल नंबर आपला आहे ना, हे बघा. नसेल तर आधी तो बदलून घ्या.

मग नावाची भानगड. आधारच्या आधारे ऑनलाइन काम करायचं, तर आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं) नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. माझ्या आरसीवर आधी आडनाव, मग माझं नाव आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आधारवर सगळं उलट आणि पूर्ण. आपल्याकडे हे घरोघरी आहे. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका, आधार माहेरच्या नावाचं आणि पॅन सासरच्या. असं झालं की ऑनलाइनच्या मागे लागून दिवस घालवू नका. अर्ज भरून त्याची छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन सरळ आरटीओत जा. आमचं काम शेवटी तसंच झालं.

तिसरी गोष्ट एचपी, म्हणजे आरसीवर नोंदलेला कर्जाचा बोजा. माझं कर्ज २०२१ मध्येच फिटलं होतं आणि बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, कपाटात जपून ठेवली होती. पण आरसीवरचा बँकेचा बोजा कुणी उतरवलाच नव्हता. कर्ज फिटलं की बोजा आपोआप जातो, असा माझा समज. तसं नसतं, त्यासाठी फॉर्म ३५ लागतो, त्यावर आपली आणि बँकेची दोघांची सही हवी. जुनी एनओसी मुदतीबाहेर गेल्याने बँकेत पुन्हा खेटे घातले. कर्ज चालू असेल, तर बँकेच्या संमतीशिवाय गाडी कुणाला देता येत नाही. मुलालासुद्धा नाही.

गाडीची नोंद १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल, तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाट्या, बसवल्याशिवाय नावाचं काम पुढे सरकत नाही. आणि ई-चलान. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की थकलेला दंड दिसतो. माझ्या गाडीवर दोन निघाले. एक द्वारका चौकातलं, जुनं, ते माझंच. दुसरं पुण्यातलं, सिग्नल तोडल्याचं. भाचीने ते "मामा, तुझंच असेल" म्हणून खपवायचा प्रयत्न केला, पण फोटोत मागच्या काचेवर तिच्या कंपनीचं पार्किंग स्टिकर होतं.

सीएनजी किट नंतर बसवलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

"बक्षीस"चा वेगळा फॉर्म शोधत बसू नका

बक्षीस दिलेल्या गाडीसाठी आरटीओत वेगळा फॉर्म नाही. विक्रीला जे फॉर्म २९ आणि ३० लागतात, तेच इथेही. फॉर्मवर "विकली" असा शब्द असतो, म्हणून काही जण एक रुपया किंमत टाकतात. त्यातून काही साधत नाही. मोबदला घेतला की ते बक्षीस राहत नाही, मग तो मोबदला एक रुपया का असेना.

बक्षीसपत्र मात्र जरूर करा. गाडी ही जंगम मालमत्ता, त्यामुळे त्याची नोंदणी करायची गरज नाही. ताबा दिला आणि समोरच्याने स्वीकारला की कायद्याने बक्षीस पूर्ण होतं. पण उद्या दुसऱ्या बहिणीने विचारलं, किंवा धाकट्याला वाटलं की गाडी फक्त वापरायला दिली होती, तर तोंडी आठवणी कामाला येत नाहीत. गाडीचा, चेसिसचा आणि इंजिनचा नंबर, किलोमीटरचं रीडिंग, नातं, "कोणताही मोबदला न घेता" हे शब्द, घेणाऱ्याचा स्वीकार, दोन साक्षीदार. आणि ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. माझ्याकडे वेळ लिहिलेली असती, तर चलान कुणाचं यावरून भाऊबीज ते संक्रांत वाद चालला नसता.

प्राप्तिकराची भीती अनेकांना असते. भेट म्हणून मिळालेली गाडी करपात्र भेटींच्या यादीतच नाही. गाडीसोबत रोख रक्कम देत असाल, तर एक गंमत लक्षात ठेवा. मामाने भाचीला दिलेली रक्कम नातेवाइकाकडून मिळालेली म्हणून करमुक्त. पण भाचीने मामाला वर्षात ५०,००० रुपयांच्या वर दिले, तर कायद्याच्या व्याख्येत ती मामाची "नातेवाईक" नाही आणि मामाला कर लागतो. गाडी दुकानाच्या किंवा कंपनीच्या हिशेबात दाखवलेली असेल, तर मात्र आधी सीएला विचारा. ती गाडी तुमची असली, तरी भेट द्यायला तुमची नसते.

मुदतही आहे. देणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. यात देणाऱ्याला घाई का हवी? रस्त्यावर काही झालं, तर नोंदणीवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी मध्ये अनेक हातांतून गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीवरच्या मालकावरच आली. भाची चाकणच्या ट्रॅफिकमध्ये आणि जबाबदार मी इंदिरानगरमध्ये, असे ते महिने होते.

आरसी बदलली आणि पॉलिसी विसरलात, तर

ही चूक मला सगळ्यात महाग पडली. जानेवारीत आरसी भाचीच्या नावावर झाली, पेढे वाटले. पॉलिसी माझ्या नावावर एप्रिलपर्यंत होती. प्रीमियम भरलेला आहे, मग काळजी कसली? फेब्रुवारीत टेम्पोने ठोकलं. बंपर, दिवा, रेडिएटर, मिळून ३८,००० रुपयांचा अंदाज. सर्व्हेअर आला, फोटो काढले, आरसी मागितली. आठवड्याने विमा कंपनीचं पत्र आलं की अपघाताच्या दिवशी पॉलिसीधारक गाडीचा मालक नव्हता. दावा नामंजूर.

चिडून काही उपयोग नव्हता, नियम तसाच आहे. गाडीचं नाव बदललं की दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, नव्या मालकाकडे आपोआप जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी नाव बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसीवर नवं नाव चढवून घ्यावं लागतं.

त्यात आणखी एक खाच आहे, नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माझा ५० टक्के होता. पॉलिसी भाचीच्या नावावर करताना ती सवलत काढून घेतात आणि उरलेल्या काळाचा फरक भरावा लागतो. उलट, तो बोनस मला माझ्या नव्या गाडीला लावता आला असता. जुन्या कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं असतं, ते तीन वर्षं चालतं. मी दसऱ्याच्या गडबडीत शोरूमने पुढे केलेली पॉलिसी तशीच घेतली आणि ती सवलत घालवली. तुम्ही नवी गाडी बुक करण्याआधीच जुनी कुणाला द्यायची ते ठरवत असाल, तर हे पत्र त्याच आठवड्यात मागा.

सह्या करून ठेवलेले फॉर्म

एका वयस्कर नातेवाइकांनी मुलाला गाडी दिली आणि २९-३० वर सह्या करून फाइलमध्ये ठेवल्या. "तुला वेळ मिळेल तेव्हा कर." मुलाला वेळ मिळायच्या आत ते गेले. गेलेल्या माणसाच्या सहीने गाडी नावावर होत नाही. मग वारसाचा मार्ग: तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. ती ना-हरकत मागायला जाणं किती जड असतं, ते तेराव्याच्या बैठकीत बसलेल्यांना ठाऊक आहे. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं. लगेच गाडी द्यायची नसेल, तर निदान एवढं करून ठेवा.

गाडी नाशिकबाहेर जाणार असेल

पुण्याला गेली तरी नंबर एमएच-१५ च राहतो, आरसीवर पत्ता फक्त बदलतो. मुलगा बंगळुरूला असेल, तर एनओसीसाठी फॉर्म २८ आणि तिथला रोड टॅक्स आला. बारा महिन्यांहून जास्त गाडी तिकडे राहणार असेल, तर तिथली नोंदणी टळत नाही. जुन्या गाडीला हा खर्च परवडतो का, ते बघूनच "घेऊन जा" म्हणा.

घेणाऱ्यालाही एक सांगतो, कारण फुकट मिळालेल्या गाडीबद्दल तक्रार करता येत नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. माझ्या गाडीचे मागचे दोन तसेच होते, नक्षी शाबूत पण रबर वाळलेलं. कसारा घाट अशा टायरवर उतरू नये. मामा लाजून सांगणार नाही, तुम्हीच बघा.

राहता राहिला फास्टॅग. तो जुन्या मालकाच्या केवायसीवर असतो. नाव बदललं की बँकेला कळवून बंद करायचा आणि घेणाऱ्याने स्वतःचा नवा घ्यायचा. मी तो मुद्दाम उशिरा बंद केला, खरं सांगायचं तर. शिंदे टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर यायचा आणि मी ताईला फोन करायचो, "पोरगी आली बरं का, कुकर लाव." आता मेसेज येत नाही. ताई मात्र अजून शुक्रवारी संध्याकाळी मलाच विचारते, निघाली का म्हणून.