स्ट्रायकर हातात घ्या, पण मारू नका

दिवसा मी पुण्यात एका हॉस्पिटलात नसांच्या तपासण्या करते आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅरम खेळते. या दोन्हींचं नातं मला तपासणीच्या टेबलापाशीच कळलं: शॉट नुसता मनात मारूनही सराव होतो.

एफ-वेव्ह नावाची एक चाचणी असते. मनगटापाशी नसेला छोटा शॉक द्यायचा. एक लहर अंगठ्याकडे जाते, दुसरी उलटी वर मज्जारज्जूपर्यंत. तिथल्या मोजक्या पेशी तिला उत्तर देतात आणि साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांत अंगठ्याच्या स्नायूत बारीकशी लाट उमटते. दर शॉकला ती येतेच असं नाही. नसेल येत, तर आम्ही पेशंटला दुसरी मूठ आवळायला सांगतो, लाटा वाढतात. जपानी फिजिओथेरपी संशोधकांनी लोकांना चिमटीतला दाब नुसता मनात आणायला लावला, तरी वाढल्या. चिमटीत खरी वस्तू असली तर आणखी. म्हणजे नुसत्या कल्पनेनेही मज्जारज्जूतल्या त्या पेशी सज्ज होतात, हातात वस्तू असेल तर जास्तच.

म्हणून पलंगावर पडून कॅरमचा विचार करू नका. बोर्डासमोर बसा. एकच शॉट निवडा. माझा होता उजव्या पॉकेटचा पातळ कट, म्हणजे सोंगटीच्या कडेला निसटता फटका. सोंगटी जागेवर ठेवा, स्ट्रायकर बेसच्या दोन्ही रेघांना टेकवा, बोट लावा, डोळे मिटा. आता मनात मारा. हात मात्र सैल हवा. खांदा वर चढला की समजायचं, तुम्ही मनात नाही, दातओठ खाऊन मारताय.

पहिला आठवडा माझा फुकट गेला. मी स्वतःला टीव्हीवर पाहावं तशी बघत होते. बघायचं नाही, बोटात जाणवायला हवं: पावडरीचा गुळगुळीतपणा, नखाला लागणारी कड, मग सोंगटीचा टक् आवाज. नेम मनातही चुकतो, बरं का! चुकला तर तोच घोकत बसू नका, कोन सुधारून पुन्हा मारा.

वेळ मोबाइलवर मोजा. खरा शॉट सहा सेकंदांचा आणि मनातला दोन सेकंदांचा, तर मधलं काहीतरी गाळलंय. बहुतेक नेम धरणंच.

दहा मनातले झाले की लगेच दहा खरे मारा आणि किती गेले ते वहीत लिहा. ही पायरी टाळू नका. 1995 साली छापलेल्या पियानोच्या एका प्रयोगात पाच दिवस नुसत्या मनात बोटं चालवणारे सुधारले, पण खरा सराव करणाऱ्यांच्या मागेच राहिले. मग त्यांना दोन तास खरा पियानो वाजवू दिला, तेव्हा त्यांनी बरोबरी गाठली.

एका बैठकीत पंधरा मिनिटं पुरेत. पुढे मन भरकटतं. पार्किंगमधले काका विचारतात, "जप चाललाय का?" मी मान हलवते, डोळे उघडत नाही. उघडले की शॉट पहिल्यापासून.