बाळाची प्ले मॅट घेताना या चुका टाळा

बाळ पालथे पडू लागले की घरात प्ले मॅटचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा मोबाइलवर दिसलेला रंग आवडला म्हणून ती मागवली जाते. पहिली चूक येथेच होते. मराठवाड्यात एकाच गल्लीत शहाबादी फरशी, गुळगुळीत टाइल्स, कोबा आणि शेणाने सारवलेली जमीन अशी निरनिराळी घरे असतात; उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि अनेक ठिकाणी नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. त्यामुळे मॅट निवडताना आधी आपल्या घरची जमीन, ऊन आणि पाणी यांचा विचार करावा, रंगाचा नंतर.

शहाबादी फरशीचे सांधे बहुधा वर-खाली असतात. तिच्यावर अगदी पातळ मॅट अंथरली, तर रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्यांना सांध्याची कड टोचत राहते. म्हणून अशा जमिनीसाठी साधारण एक सेंटिमीटर जाडीची, सलग, घडी घालता येणारी एक्सपीई या हलक्या प्लास्टिक फोमची मॅट बरी पडते. टाइल्सची अडचण याच्या उलट आहे. मॅटखाली बारीक धूळ किंवा पाणी राहिले की ती सरकते आणि आधार धरून उभे राहू पाहणारे बाळ तिच्यासकट घसरते. मॅट अंथरल्यावर तळहाताने जोर लावून ढकलून पाहावी. ती हलली, तर आधी फरशी आणि मॅटची खालची बाजू कोरडी पुसून घ्यावी. तरीही हलत असेल, तर ती मॅट त्या खोलीच्या कामाची नाही.

जितकी जाड तितकी सुरक्षित, हा समजही चुकीचा आहे. फार मऊ मॅटमध्ये बाळाचे कोपर रुततात आणि कूस बदलायला किंवा पुढे सरकायला त्याला जोर मिळत नाही. पलंगावरून पडल्यास मॅट वाचवेल, या भरवशावर बाळाला पलंगावर एकटे ठेवू नये. मॅट ही झोपण्याची जागाही नव्हे. खेळता खेळता डोळा लागला, तर बाळाला उचलून सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. शिवाय जाड मॅटच्या काठाला आजी-आजोबांचा पाय अडखळतो, त्यामुळे ती दारापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर अंथरावी.

एकमेकांत अडकवायचे इव्हा (ईव्हीए) या रबरासारख्या मऊ प्लास्टिक फोमचे तुकडे स्वस्त असतात आणि एखादा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. मात्र त्यांतून सुटणारी अक्षरे व आकडे बाळ थेट तोंडात घालते, म्हणून लहान मुलासाठी सुटे भाग नसलेलेच तुकडे घ्यावेत. या फोममधील फॉर्मामाइड या रसायनामुळे २०१० साली बेल्जियम आणि फ्रान्सने अशा मॅटच्या विक्रीवर निर्बंध आणले होते. भारतात खेळणी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहूनच खरेदी करावी. नव्या मॅटला उग्र वास येत असेल, तर ती काही दिवस हवेशीर सावलीत उघडी ठेवावी आणि तरीही वास जात नसेल तर परत करावी.

सावलीतच ठेवावी, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण वाळवण घालावे तशी मॅट गच्चीवर टाकण्याची आपली सवय आहे. वैशाखातल्या उन्हात फोमचे तुकडे आकसतात, कडा वर वळतात आणि दाते एकमेकांत बसेनासे होतात. किंचित वळलेला तुकडा जड पाटाखाली दाबून ठेवल्यास कधी कधी सरळ होतो. आकसलेला पूर्वीसारखा होत नाही.

गोधडी किंवा वाकळ वापरणे मुळीच गैर नाही. ती सुती असते, उन्हाळ्यात घाम टिपते आणि सारवलेल्या जमिनीवर सतरंजीवर छान बसते. अडचण धुण्याची आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत भिजलेली गोधडी रोज कोण धुणार? तिला जुन्या सुती लुगड्याच्या दोन खोळी शिवाव्यात आणि आलटून पालटून तेवढ्याच धुवाव्यात. फोमच्या मॅटला सौम्य साबणाचे तांब्याभर पाणी आणि ओला फडका पुरतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग मात्र लगेच कोरड्या कापडाने पुसावेत.

पावसाळ्यात आणि कूलरसमोर मॅटखाली ओल धरते, बुरशीचे काळे ठिपके येतात आणि कुबट वास सुटतो. यासाठी मॅट रोज सकाळी उचलून दोन्ही बाजूंनी पुसावी आणि खालची जमीन वाळू द्यावी. गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केलेल्या मॅटमध्ये विंचू किंवा गोम शिरू शकते, म्हणून बाळाला बसवण्यापूर्वी ती बाहेर नेऊन झटकावी. वरचा पापुद्रा सुटू लागला किंवा फोमचे कण हाताला लागू लागले, की चिकटपट्टी लावून ती चालवू नये. बाळ ते कण तोंडात घालते, त्यामुळे अशी मॅट त्याच दिवशी बाजूला काढावी.