अळ्यांचं वाळवण: आदल्या दिवसापासूनची यादी

सगळ्यात आधी कागदावर एक ओळ लिहा: वाळवलेल्या अळ्यांचा हा माल कोण खाणार? मासे, कोंबड्या, कुत्रं की माणूस? पुढची सगळी यादी त्या ओळीवर ठरते, आणि ती ओळ वाळवणाच्या दिवशी बदलता येत नाही. अळ्यांना पहिला घास घालतानाच ती ठरलेली हवी. मार्केट यार्डातल्या टाकाऊ भाजीवर पोसलेली ब्लॅक सोल्जर फ्लायची (कुजक्या मालावर वाढणाऱ्या एका काळ्या माशीची) अळी कितीही धुतली तरी माणसाच्या ताटात नेऊ नका. युरोपात तर पाळलेले कीटक पशुधनात धरतात, त्यामुळे त्यांना हॉटेलातलं खरकटं किंवा शेण घालायलाच बंदी आहे. माणसांसाठी करायचं तर मीलवर्म घ्या, म्हणजे धान्यात वाढणाऱ्या एका भुंग्याची अळी. गव्हाच्या कोंड्यावर वाढवा, ओलाव्यासाठी गाजराच्या चकत्या द्या, आणि त्यांचे ट्रे, चाळण्या, पातेली सगळं वेगळ्या रंगाचं ठेवा. ज्यांच्या घरी उपासाची भांडी वेगळी असतात त्यांना हे दोनदा सांगावं लागत नाही. आणि शेतातून नाकतोडे पकडून आणायची हौस नको, त्यांच्या अंगावर कुठली फवारणी बसलीय कुणाला ठाऊक.

परवानगीचं थोडक्यात. युरोपीय संघाने वाळवलेल्या मीलवर्मला जून 2021 मध्ये मान्यता दिली, टोळ आणि रातकिडे त्यानंतर आले. आपल्याकडे ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आसामात एरी रेशमाचे कोषातले किडे चवीने खातात. पण म्हणून पुण्यात पाकीट भरून दुकानात ठेवता येत नाही. ज्या खाद्यपदार्थाचं मानक ठरलेलं नाही त्याला एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) आधी मंजुरी लागते. मी विकतो ते फक्त प्राण्यांसाठी, माणसांचा घाणा घरापुरता आणि धीट मित्रांपुरता.

आता वार ठरवा. गुरुवार नको. त्या दिवशी हमखास पाणी नाहीतर वीज बंद, कधी दोन्ही, आणि तुम्ही पाच किलो अळ्या घेऊन बसलेले.

आदल्या दिवशी अळ्यांना उपास. कमीत कमी 24 तास, पोट रिकामं होईपर्यंत. वाळवलेली अळी आपण आतड्यासकट खातो, त्यामुळे आत जे उरेल ते मालातच जाणार. उपासाला बसवण्याआधी कोंडा आणि वाळूसारखी बारीक विष्ठा चाळून काढा (ती फेकू नका, कुंड्यांना उत्तम खत). दुसऱ्या दिवशी परत चाळा आणि मग सुपात घेऊन पाखडा. हे काम मला सगळ्यात आवडतं. मीलवर्मने टाकलेल्या कातीचं फोल सुपाच्या टोकावरून उडून जातं आणि मागे सोनेरी, वळवळणारा ढीग राहतो. त्यात काळ्या पडलेल्या दिसतील, त्या मेलेल्या. एकेक वेचून काढा, आळस नको. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या बाबतीत मात्र काळा रंग म्हणजे वय झालं: कोषात जायच्या तयारीत अळी गडद होते, साल टणक होते. साय-रंगाची असतानाच काढलेली बरी.

उकळीची तयारी आधी हवी, मग अळ्या. एक किलोला दहा लिटर पाणी धरा. कमी पाण्यात जास्त अळ्या ओतल्या तर उकळी मोडते, अळ्या कोमट पाण्यात रेंगाळत मरतात आणि जंतूही सुखाने राहतात. खळखळ उकळी असताना ओता. क्षणात वळवळ थांबते, वेटोळं सुटून अळ्या सरळ होतात, वर तपकिरी फेस येतो. मी तीन ते पाच मिनिटं ठेवतो, झाऱ्याने ढवळतो आणि रोवळीत उपसतो. मीलवर्मचा वास उकडलेल्या शेंगांच्या जवळचा. ब्लॅक सोल्जर फ्लायचा नाही, त्यासाठी खिडकी उघडा. उकळीने बहुतेक जंतू मरतात, अळी काळी पाडणारी विकरंही (एन्झाइम) थांबतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात आणि कोमट, ओल्या ढिगात आनंदाने वाढतात. म्हणून रोवळीतून थेट ड्रायर. मध्ये चहा नाही.

ड्रायर आधी तापवून ठेवा. जाळीच्या ट्रेवर एकच थर, साठ अंशाला जवळजवळ दिवसभर. ताज्या अळीत साठ-सत्तर टक्के पाणी असतं, त्यामुळे पाच किलोचे पावणेदोन-दोन किलो उरले की समजायचं जमत आलं. खालच्या ट्रेचं वजन तासाच्या अंतराने दोनदा करा, काटा हलला नाही तर झालं. बोटांची परीक्षाही आहे: अळी दुमडा, कट्‌कन तुटली पाहिजे, वाकली तर परत आत.

चैत्र-वैशाखात गच्चीचा मोह होतोच. शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत असतात, ऊन फुकट असतं. मी एकदा पसरल्या. काकूंनी जिन्यातूनच विचारलं, "अरे, सांडगे घातलेस का? एवढे बारीक?" मी हो म्हणालो. निम्मा माल साळुंक्यांनी नेला, उरलेल्यावर धूळ. पक्ष्यांचं मत चांगलं आहे एवढं कळलं, पण हे काम गच्चीवरचं नव्हे.

पावसाळ्यातली माझी चूक मोठी होती. ड्रायरमधून काढलेला माल गरम असतानाच पिशव्यांत भरला. आत वाफ धरली आणि आठवड्याने पांढरी बुरशी. तेव्हापासून पंख्याखाली पूर्ण गार करतो, पण जुलैत उघड्यावर तासभरही ठेवत नाही, माल हवेतला ओलावा लगेच ओढून घेतो.

पूड करायची असेल तर आधी तेल काढा. चरबी जास्त असल्याने मिक्सरमध्ये पूड न होता लगदा होतो. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या चरबीत खोबरेलासारखंच लॉरिक आम्ल भरपूर, थंडीत ती तशीच थिजते. कोपऱ्यावरच्या गिरणीत मात्र चुकूनही नेऊ नका. तुमच्यामागे कुणाची तरी ज्वारी असते, आणि प्रश्न फक्त शाकाहाराचा नाही: ज्यांना कोळंबी-खेकड्याची किंवा घरातल्या धुळीतल्या माइटची ॲलर्जी आहे त्यांना ही पूड बाधू शकते. पूड करताना मास्क लावा. ॲलर्जीचं हे पाकिटावर ठळक लिहा.

लेबलावर प्रथिनांचा आकडा छापण्याआधी प्रयोगशाळेला विचारा की नायट्रोजनला कितीने गुणलं, कारण प्रथिनं नमुन्यातल्या नायट्रोजनवरून काढतात. नेहमीचा गुणक 6.25, पण अळीच्या सालीतल्या कायटिनमध्येही (ते प्रथिन नव्हे) नायट्रोजन असतो, म्हणून अळ्यांसाठी 4.76 सुचवलेला आहे. साठ टक्क्यांचे पंचेचाळीस-सेहेचाळीस होतात, वाईट वाटतं, पण गिऱ्हाईक फसत नाही. तिथेच ओलावा आणि साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) तपासून घ्या: 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला सापडताच कामा नये, कुत्र्याच्या खाऊतसुद्धा, कारण तो खाऊ लहान मुलंच भरवतात. सरडे-कासवं पाळणाऱ्यांना सांगा की मीलवर्ममध्ये कॅल्शियम फार कमी, त्यांनी ब्लॅक सोल्जर फ्लाय घ्यावी.

भरताना जाड चंदेरी पिशवी आणि आत ऑक्सिजन शोषणारी पुडी, नाहीतर चरबी खवट होते. वाळलेल्या किड्यांनाही कीड लागते हे ऐकून लोक हसतात, पण मुंग्या आणि पतंग याच मालावर तुटून पडतात. भरण्याआधी माल बंद पिशवीत काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवला तर आतली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका.

प्रत्येक घाण्यातले शंभर ग्रॅम तारीख घालून बरणीत बाजूला ठेवा. एका गिऱ्हाइकाने खवट वासाची तक्रार केली तेव्हा मी तीच बरणी उघडली. वास होता. पैसे परत दिले.