म्युनिकमधला पहिला शरद: बंद दुकानं, प्लमचा केक आणि दिवाळीचा फराळ

सप्टेंबर-ऑक्टोबरात म्युनिकला राहायला आलेल्यांना माझं पहिलं सांगणं: शनिवारी रात्री आठच्या आत वाणसामान भरून घ्या. रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनवरची काही उघडी असतात, पण तिथे गर्दी आणि महागाई दोन्ही. त्यात 3 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर या सुट्ट्या. हॅम्बुर्गच्या मित्राला 31 ऑक्टोबरला सुट्टी असते, आपल्याला दुसऱ्या दिवशी, तेव्हा त्याचं ऐकून बेत आखू नका. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात, म्हणून आपल्या राज्याचं, म्हणजे बव्हेरियाचं, सुट्ट्यांचं कॅलेंडर छापून फ्रिजवर लावा.

आता ओव्हनकडे वळा, कारण इथला शरद खरा कळतो तो तिथेच. सप्टेंबरात बाजारात त्स्वेच्गे नावाची लांबट, गडद निळी प्लम येतात. गोल प्लम घेऊ नका, त्यांना पाणी फार सुटतं. लांबट फळाची बी सहज निघते आणि फोडी आकार धरून राहतात. बव्हेरियात त्यांचा डाची नावाचा केक करतात: यीस्टची कणीक ट्रेभर पसरायची आणि वर फोडी एकमेकींना चिकटवून उभ्या रचायच्या. अर्धा किलो मैद्याला ताज्या यीस्टचा अर्धा क्यूब, म्हणजे 21 ग्रॅम पुरे. साखर-दालचिनी भाजून झाल्यावरच भुरभुरा. आधी घातली तर रस सुटून खालची कणीक ओली राहते.

मैदा म्हणून टाइप 405 घ्या. आकडा वाढेल तसा कोंड्याचा अंश वाढतो आणि पीठ काळपट होतं; 1050 चं पीठ पावाला उत्तम, नानकटाईला नाही. पोळ्यांसाठी मात्र भारतीय दुकानातला आटाच आणा. बेकिंग पावडरची छोटी पुडी साधारण अर्धा किलो पिठासाठी असते, सगळी ओतायची गरज नाही. ओव्हनचा पंखा चालू असेल तर कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा 20 अंश कमी ठेवा. नव्या माणसाचे निम्मे केक इथेच करपतात.

लाल-केशरी होक्काइडो भोपळा दिसला की घारगे कराच. त्याची साल मऊ शिजते, सोलायचे कष्ट नाहीत. श्रीखंडासाठी 40 टक्के फॅटचा क्वार्क (दह्यासारखं मऊ, ताजं चीज) रात्रभर फडक्यात टांगा. चक्क्याची उणीव भासणार नाही.

दिवाळीला सुट्टी नसते, रजा वेळेवर मागा. तळणीला बसताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, कारण पॅसेजमधला धुराचा अलार्म चकलीच्या घाण्यालाही वाजतो. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो आणि घरमालकाशी कटकट होते. गार करून बाटलीत भरा आणि उरलेल्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाका. याच सुमारास 11 नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी बालवाडीची मुलं कागदी कंदील घेऊन मिरवणुकीने निघतात. आपला आकाशकंदील खिडकीत असेल तर शेजारची मुलं आपणहून चौकशी करतात. ओळख व्हायला याहून चांगली संधी मला माहीत नाही. हातावर करंजी ठेवा. मुलांना सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का ते मात्र आधी त्यांच्या पालकांना विचारा.

नोव्हेंबरपासून पार्सलांची कटकट सुरू होते. आपण घरी नसलो की खोकं कुठल्या तरी शेजाऱ्याकडे जातं आणि पेटीत फक्त चिठ्ठी राहते. दिवसभर घरी असणारे आजी-आजोबा सगळ्या इमारतीची पार्सलं सांभाळतात. त्यांना फराळाचं ताट नक्की द्या. जर्मन घरांत डिसेंबरभर प्लेट्सशेन नावाची बिस्किटं भाजली जातात आणि डब्यांची देवाणघेवाण चालते, त्यात तुम्ही आपोआप सामील होता.

24 डिसेंबरला दुकानं दुपारी दोनपर्यंतच असतात, पुढचे दोन दिवस बंद. त्यांना रविवार जोडून आला तर सलग तीन. दूध, कोथिंबीर आणि मुलांची तापाची औषधं 23 तारखेलाच आणून ठेवा. बव्हेरियात 6 जानेवारीलाही सुट्टी असते, हे नवीन वर्षाच्या गडबडीत हमखास विसरलं जातं.